तूर्त कीं त्या त्या वेळीं?



जामखेडसारख्या तालुक्याच्या गांवीं उभा जन्म मास्तरकींत घालविलेल्या माणसानें इंग्रजी भाषेविषयीं चार शब्द सांगावे, ह्याचें कोणास नवल वाटेल. मी स्वतः मॅट्रिकपलीकडे शिकलों नाहीं. पांचवी ते सातवीच्या मुलांना इंग्रजी शिकवितां शिकवितां जें हातीं लागलें, तेवढेंच माझें भांडवल. म्हणून आज कोणताहि मोठा विषय न घेतां चार साध्या शब्दांचा एक वाक्प्रचार घेतों. तो म्हणजे ‘फॉर द टाइम बीइंग’. ह्यांतील एकहि शब्द अवघड नाहीं. पहिलें पुस्तक संपण्यापूर्वीं मुलांना ते चारहि ओळखतां येतात. असें असूनहि ह्या वाक्प्रचारानें मला एकदां असें चकविलें कीं, त्याची भरपाई माझ्या हातून पुरती झाली नाहीं. ती हकीकत प्रथम सांगतों. शब्दाच्या अर्थाची चूक व्याकरणाच्या वहींतच राहते असें नाहीं. कधीं कधीं ती कोणाच्या घरापर्यंत जाऊन पोंचते.

आमच्या भागांतील एका खेड्यांत मी शिक्षक असतांना तेथील एका वृद्ध बाईंनीं आपल्या दिवंगत मुलीच्या नांवानें शाळेला कांहीं रक्कम दिली. ती बँकेंत ठेव म्हणून ठेवावी, आणि दरसाल येणारें व्याज सातवींत पहिल्या येणाऱ्या मुलीस पुढच्या वर्गाच्या वह्यापुस्तकांसाठीं द्यावें, अशी त्यांची इच्छा होती. नगरच्या एका वकिलांनीं आपल्या जुन्या नमुन्यावरून मसुदा करून दिला. तो इंग्रजींत होता. बाईंना इंग्रजी येत नव्हतें. म्हणून त्याचें मराठी करण्याचें काम माझ्याकडे आलें. मसुद्यांत असें होतें कीं, व्याजाची रक्कम ‘द हेडमास्टर फॉर द टाइम बीइंग’ यांचे हातीं द्यावी. योगायोग असा कीं, त्या सुमारास शाळेला कायम मुख्याध्यापक नव्हते. एक वडील शिक्षक त्या जागेचा कारभार पाहत होते. मीं मोठ्या विश्वासानें लिहिलें, ‘शाळेचे हंगामी मुख्याध्यापक यांस’. बाईंनीं तें वाचवून घेतलें, सही केली, आणि मराठी प्रत बँकेंत गेली. इंग्रजी कागद वकिलांच्या कपाटांत राहिला.

दोन वर्षें सर्व सुरळीत चाललें. पुढें शाळेला कायम मुख्याध्यापक मिळाले. ते व्याज आणावयास गेले तेव्हां बँकेंतील कारकुनानें तो कागद त्यांच्यापुढें ठेवला. ‘व्याज हंगामी मुख्याध्यापकांस द्यावयाचें आहे; आपण तर कायम आहां,’ असें तो म्हणाला. त्याचें कांहीं चुकलें नाहीं. कागदावर होतें तेंच त्यानें वाचलें. मी तोंवर दुसऱ्या गांवीं बदलून गेलों होतों. पत्रें गेलीं, उत्तरें आलीं, आणि ह्या घोळांत तीन वर्षें तें बक्षीस कोणासच मिळालें नाहीं. पुढें काय झालें तें शेवटीं सांगेन. तूर्त आपण त्या चार शब्दांकडे वळूं.

‘फॉर द टाइम बीइंग’ ह्याचा अर्थ शब्दशः लावावयास सांगितला तर मुलें ‘असण्याच्या वेळेसाठीं’ असें कांहींतरी सांगतात. घोटाळा होतो तो ‘बीइंग’ ह्या शब्दापाशीं. येथें तो ‘असणें’ ह्या अर्थाचें नाम नव्हे. ‘असलेला’, ‘चालू असलेला’ ह्या अर्थाचें तें धातुसाधित विशेषण असून ‘टाइम’ ह्या नामाला जोडलेलें आहे. इंग्रजींत विशेषण बहुधा नामाच्या आधीं येतें. येथें तें मागून आलें आहे. म्हणजे ‘द टाइम बीइंग’ ह्याचा सरळ अर्थ ‘जी वेळ चालू आहे ती’, आणि ‘फॉर’ लागून ‘चालू वेळेपुरतें’ असा अर्थ झाला.

विशेषण मागें ठेवण्याचें हें वळण जुन्या कचेरींतलें आहे. मध्ययुगांत इंग्लंडांतील सनदा व करारपत्रें लॅटिन भाषेंत लिहिलीं जात. अमक्या मठाचा किंवा तमक्या नगराचा ‘प्रो टेम्पोरे एक्झिस्टेन्स’, म्हणजे त्या वेळीं असलेला, अधिपति अशी शब्दयोजना त्यांत असे. पुढें पंधराव्या शतकांत असले कागद इंग्रजींत लिहिले जाऊं लागले, तेव्हां त्याच वळणाचे इंग्रजी शब्द त्यांत दिसूं लागले. सांगावयाचें इतकेंच कीं, आपण रोजच्या बोलण्यांत सहज वापरतों तो हा वाक्प्रचार दस्तऐवजांच्या भाषेंत फार जुना आहे, आणि तेथें त्याचा अर्थ निराळा आहे.

आतां मुख्य प्रश्न. ‘चालू वेळ’ म्हणजे कोणाची चालू वेळ? बोलणारा ज्या क्षणीं बोलतो त्या क्षणाची, कीं ज्या क्षणीं तें वाक्य अंमलांत यावयाचें त्या क्षणाची? ह्या एका प्रश्नावर सर्व अर्थ अवलंबून आहे. वेळ बोलणाराची असेल तर मराठींत ‘तूर्त’ म्हणावें. वेळ अंमलाची असेल तर ‘त्या त्या वेळीं’ म्हणावें. मीं तो प्रश्न स्वतःला विचारला नाहीं, हीच माझी चूक.

प्रथम बोलण्यांतला अर्थ पाहूं. ‘वुई आर स्टेइंग विथ माय ब्रदर फॉर द टाइम बीइंग’ ह्या वाक्याचा अर्थ ‘तूर्त आम्ही भावाकडे राहिलों आहों’ असा आहे. ह्यांत दोन गोष्टी सांगितल्या गेल्या. एक, आज अशी स्थिति आहे. दुसरी, ती बदलेल अशी आमची अपेक्षा आहे. किती दिवसांनीं बदलेल हें मात्र सांगितलेलें नाहीं. म्हणूनच ‘फॉर सम टाइम’ आणि ‘फॉर द टाइम बीइंग’ हे एक नव्हेत. ‘फॉर सम टाइम’ म्हणजे ‘कांहीं काळ’. तेथें काळाचें, मोघम कां होईना, माप आहे. ‘फॉर द टाइम बीइंग’ ह्यांत माप मुळींच नाहीं. तसेंच ‘फ्रॉम टाइम टु टाइम’ म्हणजे ‘वेळोवेळीं’. त्याचाहि ह्याच्याशीं गोंधळ करूं नये. जें बदलण्याचा संभव नाहीं त्याच्याशीं हा वाक्प्रचार जोडतां येत नाहीं. ‘सूर्य तूर्त पूर्वेस उगवतो’ असें म्हटलें तर वर्गांतील मुलें हंसतील. इंग्रजींतहि तें तितकेंच हास्यास्पद होईल. आणखी एक बारीक गोष्ट सांगतों. आपल्याकडे बोलतांना पुष्कळ जण मधला ‘द’ गाळून ‘फॉर टाइम बीइंग’ म्हणतात. तें अशुद्ध आहे. चालू असलेली ती ठराविक वेळ ‘द’ नेंच दाखविली जाते. तो काढला कीं बोट दाखवावयासच कांहीं राहत नाहीं.

ह्या अर्थाला मराठींत शब्दांची वाण नाहीं. पण ते सर्व एका मापाचे नाहींत. ‘तूर्त’ हें क्रियाविशेषण. संस्कृतांत ‘तूर्त’ म्हणजे त्वरित. मराठींत येतां येतां ‘ताबडतोब’ ह्यावरून ‘आत्तांच्या घडीला’ ह्या अर्थावर तें स्थिरावलें. ‘तात्पुरता’ हें विशेषण. जेवढ्यास तेवढा, गरज भागेपर्यंतचा. ‘हंगामी’ हें फारसी ‘हंगाम’ म्हणजे वेळ अथवा मोसम ह्या शब्दावरून आलें. पिकाचा हंगाम, साखर कारखान्याचा हंगाम, आणि हंगाम संपला कीं ज्याचें काम संपतें तो हंगामी नोकर. विधानसभेचें नवें सभागृह भरलें म्हणजे सभासदांचा शपथविधि पार पाडण्यापुरता जो अध्यक्ष नेमतात, त्यासहि आपण हंगामी अध्यक्षच म्हणतों. तेव्हां ‘हंगामी’ शब्दांत मुदत मनांत धरलेली असते. ‘तूर्त’ मध्यें मुदत नसते. कोठेंतरी थांबावें लागेल एवढी कबुली असते.

आणि ती कबुली किती लांबते पाहा. खिडकीची कांच फुटली म्हणजे आपण तूर्त म्हणून एक पुठ्ठा लावतों, आणि तो दिवाळीपर्यंत, कधीं कधीं पुढल्या दिवाळीपर्यंतहि, तसाच राहतो. राज्यकारभारांतहि असेंच घडतें. १८५७ च्या उठावानें सरकारी तिजोरी रिती झाली, म्हणून जेम्स विल्सन ह्या अर्थसचिवानें १८६० सालीं हिंदुस्थानांत प्राप्तिकर बसविला. तो पांच वर्षांपुरता होता, आणि १८६५ सालीं बंदहि झाला. परंतु पुढें तो निरनिराळ्या नांवांनीं परत आला, आणि १८८६ च्या कायद्यानें कायमचा झाला. इंग्लंडची गोष्ट ह्याहून गमतीची आहे. फ्रान्सशीं चाललेल्या युद्धासाठीं तेथें १७९९ सालीं प्राप्तिकर आला. तो दोन वेळां उठविण्यांत आला, आणि १८४२ सालीं परत बसला. आजहि तेथील कायद्याप्रमाणें तो एकेका वर्षापुरताच असतो. पार्लमेंटनें दरसाल त्यास नवी मंजुरी द्यावी लागते. कागदावर तूर्त, व्यवहारांत कायम!

मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांना ह्याहून जवळचें उदाहरण ठाऊक असेल. महायुद्धाच्या काळांत शहरांतून राहत्या जागांची टंचाई झाली; पाठोपाठ फाळणी होऊन निर्वासितांचे लोंढे आले. भाडेकरूंना संरक्षण देण्यासाठीं १९४७ चा मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा झाला. तो ठराविक मुदतीचा होता. पुष्कळशा जागांचें प्रमाण भाडें १ सप्टेंबर १९४० ह्या दिवशीं जें होतें त्यास बांधलें गेलें. त्या घडीला तें न्याय्यच होतें. नाहींतर गिरगांवांतील चाळींतून आणि पुण्याच्या वाड्यांतून कितीतरी कुटुंबें रस्त्यावर आलीं असतीं. परंतु मुदत संपत आली कीं ती वाढवावयाची, पुन्हां संपत आली कीं पुन्हां वाढवावयाची, असें करतां करतां अर्धशतक लोटलें. भाडेकरूंच्या तीन पिढ्या त्या आसऱ्याला राहिल्या. मालकाला मिळणाऱ्या भाड्यांत कौलें बदलणेंहि होईना, आणि वाडे खचूं लागले. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असें मत दिलें कीं, भाडीं अशीं गोठवून ठेवणें आरंभीं वाजवी असलें तरी काळानें तें अवाजवी ठरलें आहे. त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा झाला, आणि ३१ मार्च २००० पासून तो अंमलांत आला. जुन्या कायद्याचा हेतु वाईट होता असें मी म्हणत नाहीं. ‘तूर्त’ ह्या शब्दापुढें ‘केव्हांपर्यंत’ हा प्रश्न प्रामाणिकपणें विचारला गेला नाहीं म्हणजे मालक व भाडेकरू दोघेहि कसे अडकतात, एवढेंच ह्यावरून दिसतें.

आतां दुसऱ्या अर्थाकडे येतों. कायदा, विश्वस्तनामा, मृत्युपत्र, संस्थेचे नियम, ह्यांतून हा वाक्प्रचार येतो तेव्हां त्याचा ‘तूर्त’शीं कांहीं संबंध नसतो. ‘द कलेक्टर फॉर द टाइम बीइंग’ म्हणजे तात्पुरता कलेक्टर नव्हे. त्या कागदाप्रमाणें करण्याची वेळ येईल त्या वेळीं त्या जागेवर जो कोणी असेल तो कलेक्टर. आज एक, पांच वर्षांनीं दुसरा, पन्नास वर्षांनीं आज जन्मलाहि नसेल असा तिसरा. माणसें बदलतात, म्हणून नांव लिहावयाचें नाहीं. जागेचा उल्लेख करावयाचा, आणि ‘फॉर द टाइम बीइंग’ म्हणून ती कोणी भरावी हें काळावर सोपवावयाचें. आमच्या जिल्ह्याचेंच पाहा. २०२४ सालीं त्याला अहिल्यानगर हें नांव मिळालें. ज्यांच्यामुळें मिळालें त्या अहिल्याबाई होळकर १७२५ सालीं आमच्या जामखेड तालुक्यांतील चौंडी ह्या गांवीं जन्मल्या. एखाद्या जुन्या धर्मादाय कागदांत ‘अहमदनगरचे त्या त्या वेळचे जिल्हाधिकारी’ असें असेल, तर जिल्ह्याचें नांव पालटलें म्हणून त्या कागदाचा आधार सुटत नाहीं. त्या वेळचे साहेब गेले, त्यांच्या कचेरीवरची पाटी बदलली, तरी जबाबदारी त्या जागेवरच राहिली.

कायद्यांतील दुसरा नेहमींचा प्रयोग म्हणजे ‘एनी लॉ फॉर द टाइम बीइंग इन फोर्स’. नवखा वाचक ह्याचा अर्थ ‘तात्पुरता अंमलांत असलेला कायदा’ असा करील. खरा अर्थ असा कीं, जेव्हां जेव्हां प्रश्न उपस्थित होईल तेव्हां तेव्हां जो कायदा अंमलांत असेल तो. संदर्भ अगदींच निराळा नसेल तर ह्यांत आजचे कायदे येतात, आणि मागाहून होणारे कायदेहि येतात. १८६० ची भारतीय दंड संहिता १ जुलै २०२४ पासून जाऊन तिच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. ज्या संस्थेनें आपल्या नियमांत जुन्या संहितेचें नांव आणि कलमाचा आंकडा लिहून ठेवला असेल, तिला आतां नवे आंकडे शोधावे लागतात. जिनें ‘त्या त्या वेळीं अंमलांत असलेल्या फौजदारी कायद्याप्रमाणें’ असें लिहिलें असेल, तिला आपल्या नियमाची एक मात्राहि बदलावी लागत नाहीं.

ह्या अर्थासाठीं मराठींत योजलेले शब्द मला फार समर्पक वाटतात. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० सालीं भाषा संचालनालय स्थापन झालें, १९६४ चा राजभाषा अधिनियम झाला, आणि कायदे मराठींत आणण्याचें काम पद्धतशीर चालू झालें. त्या मराठी अधिनियमांतून आपणांस ‘त्या त्या वेळीं अंमलांत असलेला कायदा’ अशी शब्दयोजना पदोपदीं भेटते. ह्यांतील ‘त्या त्या’ ही द्विरुक्ति पाहा. संस्कृत वैयाकरण हिला वीप्सा म्हणतात; एकेक करून सर्वांना व्यापून घेणें हें तिचें काम. घरोघर, दारोदार, ज्याचा त्याला, ज्या त्या ठिकाणीं, ही सर्व तिचीच उदाहरणें. ‘त्या वेळीं’ म्हटलें तर एकच वेळ. ‘त्या त्या वेळीं’ म्हटलें कीं येणारी प्रत्येक वेळ एकेक करून आली. इंग्रजीचे चार शब्द दोन्ही अर्थांना तेच, म्हणून तेथें वाचकानें सावध राहावें लागतें. मराठींत ‘तूर्त’ आणि ‘त्या त्या वेळीं’ असे निराळे शब्द असल्यामुळें घोटाळ्याला जागा नाहीं. भाषांतर करणारानें मात्र आधीं नीट निवड केली पाहिजे.

ही कल्पना आपल्याला इंग्रजांनीं शिकविली असेंहि नाहीं. शिवकालींन व त्यापूर्वींचीं मराठी आज्ञापत्रें ज्यांनीं वाचलीं असतील त्यांना ‘कारकुनानि हाल व इस्तकबाल’ हे शब्द आठवतील. ‘हाल’ म्हणजे आजचे, ‘इस्तकबाल’ म्हणजे पुढें येणारे. एखाद्याला इनाम दिलें, तर तें चालविण्याची आज्ञा त्या वेळच्या कारकुनांनाच करून भागत नसे. कारकून बदलला कीं इनामदाराची जमीन धोक्यांत यावयाची. म्हणून आज्ञा आजच्यांना आणि पुढें येणारांनाहि असे. राज्यव्यवहारांत संस्कृत शब्द योजण्याचा प्रघात पडल्यावर तोच अर्थ ‘देशाधिकारी व लेखक वर्तमान व भावी’ अशा शब्दांनीं सनदांत येऊं लागला. इंग्रज कारकुनाचा ‘फॉर द टाइम बीइंग’, मुसलमानी दफ्तरांतील ‘हाल व इस्तकबाल’ आणि मराठी सनदेंतील ‘वर्तमान व भावी’ ह्या तिघांमागें एकच व्यवहारी शहाणपण आहे. देणारा मरतो, देवविणारा बदलतो. दान मात्र चालावें.

मग इंग्रजी वाक्यांत कोणता अर्थ आहे हें ओळखावें कसें? मुलांना मी दोन वाक्यें फळ्यावर लिहून दाखवीत असें. अर्थात् माझी फजिती झाल्यानंतर. पहिलें वाक्य, ‘ही इज द सेक्रेटरी फॉर द टाइम बीइंग’. दुसरें, ‘द सेक्रेटरी फॉर द टाइम बीइंग शॅल साइन द चेक’. पहिल्यांत एका जिवंत, डोळ्यांपुढील माणसाविषयीं विधान आहे, आणि वाक्प्रचार सर्व विधानाला लागला आहे. ‘तूर्त तो चिटणीस आहे.’ दुसऱ्यांत कोणा माणसाविषयीं बोलणेंच नाहीं. ‘सेक्रेटरी’ ह्या पदाला वाक्प्रचार चिकटला आहे, आणि पुढें आज्ञा आहे. ‘त्या त्या वेळीं जो चिटणीस असेल त्यानें धनादेशावर सही करावी.’ म्हणजे वाक्प्रचार विधानाला लागला तर बहुधा ‘तूर्त’; पदाला, कायद्याला अथवा नियमाला लागला, आणि पुढें करावयाचें काम सांगितलें, तर बहुधा ‘त्या त्या वेळीं’. ह्यावरहि शंका राहिली तर मनाशीं एक प्रश्न विचारावा. हा कागद लिहिणारा उद्यां नसला तरी कागदानें चालावें अशी अपेक्षा आहे काय? उत्तर होकारार्थी असेल तर तेथें ‘तूर्त’, ‘तात्पुरता’, ‘हंगामी’ हे शब्द घालूं नयेत.

हा नुसता वकिलांचा विषय आहे असें समजूं नका. आपण ज्या इमारतींत राहतां त्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचे नियम, वडिलांचें मृत्युपत्र, देवळाच्या विश्वस्तांचा कागद, शाळेला दिलेली देणगी, ह्यांत हे शब्द हमखास आढळतील. सही करण्यापूर्वीं हा वाक्प्रचार दिसला तर तेथें बोट ठेवून कोणाची वेळ म्हणावयाची आहे हें विचारून घ्यावें. विचारण्यांत कमीपणा नाहीं. मीं विचारलें नाहीं, कारण शिक्षक म्हणून मला चारहि शब्द येत होते. न येणाऱ्या शब्दाला आपण कोशांत शोधतों. येणारा शब्द फसवितो, कारण त्याच्यासाठीं कोश उघडण्याचें मनांतच येत नाहीं.

आतां राहिलेली हकीकत. तीन वर्षांनीं कांहीं कामानिमित्त मी त्या खेड्यांत गेलों, तेव्हां हें सर्व मला कळलें. मी नगरला जाऊन वकिलांस भेटलों. त्यांनीं कपाटांतून मूळ कागद काढला, माझी मराठी प्रत शेजारीं ठेवली, आणि त्या दोन शब्दांवर नुसतें बोट ठेवलें. ते कांहीं बोलले नाहींत, आणि मलाहि बोलावयास कांहीं उरलें नाहीं. दुरुस्तीचा लेख तयार झाला. त्यांत आम्हीं लिहिलें, ‘शाळेचे त्या त्या वेळचे मुख्याध्यापक, मग ते कायम असोत वा हंगामी’. त्यावर बाईंची सही पाहिजे होती, म्हणून कागद घेऊन मी त्यांच्या घरीं गेलों. चूक माझी होती, हें मीं त्यांना सांगितलें. त्या बराच वेळ कागदाकडे पाहत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, ‘गुरुजी, मला वाटलं, शाळा माझ्या लेकीला विसरली.’

सांचलेलें व्याज बँकेनें दिलें. मागच्या तीन वर्षांत पहिल्या आलेल्या तिघी मुलींच्या घरीं तें पोंचविण्यास मी मुख्याध्यापकांबरोबर स्वतः गेलों. दोघी पुढें शिकत होत्या. तिसरीच्या घराला कुलूप होतें. आईबापांबरोबर ती ऊसतोडीला गेली होती. पाडव्यानंतर ते लोक परत आले तेव्हां पुन्हां गेलों. तिची शाळा सुटली होती. तिनें पाकीट घेतलें, आंतील रक्कम मोजली नाहीं, आणि तें आईच्या हातीं दिलें. तें बक्षीस वेळेवर मिळालें असतें तर ती मुलगी शिकली असती, असें मी म्हणत नाहीं. आमच्या भागांत शाळा सुटण्याचीं कारणें वह्यापुस्तकांच्या किंमतीहून पुष्कळ मोठीं असतात. परंतु नसतीच शिकली, असेंहि मला म्हणतां येत नाहीं.

तें बक्षीस पुढें सुरू झालें, आणि मी सेवानिवृत्त होईपर्यंत दरसाल मिळत होतें. दरम्यान मुख्याध्यापक दोन वेळां बदलले. कागदावर नांव कोणाचेंच नसल्यामुळें त्यांतल्या कोणासहि बँकेंत कांहीं समजावून सांगावें लागलें नाहीं.